समुद्र, सुती कपडा आणि आपला धंदा

पाणी म्हटले की आम्हा नगरकरांना विहीर किंवा टँकर आठवतो. आमच्या पिढीतली मुले पोहायला शिकली ती मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. समुद्र आपला नव्हे, असेच आम्ही समजत आलो. पण हे शहर वसवणाऱ्या निजामशाहीचे बंदर चौल होते आणि तिथून कापड गलबतांत भरून परदेशी जात असे. म्हणजे समुद्र आणि कापड यांचा नगरशी जुना संबंध आहे. तो आम्हाला नव्याने कळला एका सहलीत, आणि तोही फजिती होऊन.

डिसेंबरात दुकान चार दिवस बंद ठेवले आणि दोन कुटुंबे मिळून मालवणकडे निघालो. पुणे, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असा हा रस्ता पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. घाट उतरला की हवा बदलते, माती लाल होते आणि नारळ-सुपारी दिसू लागते.

पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून स्नॉर्केलिंग केले. हा शब्द आमच्यासाठी नवा होता, म्हणून वाचकांना समजावून सांगतो. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा चढवायचा आणि तोंडात एक नळी धरायची. नळीचे दुसरे टोक पाण्याबाहेर राहते. नाक बंद असल्यामुळे श्वास तोंडानेच घ्यावा लागतो. पहिली दोन मिनिटे जीव घाबरतो, मग सवय होते. पालथे तरंगत खाली पाहिले तर खडकांमध्ये काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे फिरत होते आणि प्रवाळही दिसले. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ती जिवंत जिवांची वसाहत असते आणि अतिशय सावकाश वाढते. म्हणून त्यावर पाय ठेवू नये, तुकडा तोडू नये. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने तेव्हा कोळी बांधवांनी त्याला विरोध केला होता. आज त्याच घरांतली कितीतरी मुले पर्यटकांना हे प्रवाळ दाखवून रोजी कमावतात. आपल्या कारागिरांनी यातून एक गोष्ट घ्यावी. त्या मुलांनी होडी आणि समुद्राची माहिती हे बापजाद्यांचे भांडवल टाकून दिले नाही, त्याला फक्त नवे गिऱ्हाईक शोधले.

दुसऱ्या दिवशी देवबागहून होडीने कर्ली नदीचे मुख ओलांडून भोगव्यावरून निवतीकडे गेलो. निवतीचा जुना किल्ला टेकडीवर आहे. त्या बाजूला डोंगराच्या दोन सोंडांमध्ये वाळूची एक छोटी पट्टी दडलेली आहे. तिथे दुकान नाही, गर्दी नाही, फक्त लाटांचा आवाज. पाणी इतके स्वच्छ की कमरेइतक्या पाण्यात पायाची बोटे दिसावीत. हिवाळ्यात असे असते. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, समुद्र खवळतो आणि होड्या बंद असतात.

इथेच प्रसंग घडला. आमचा पुतण्या विहिरीत पट्टीचा पोहणारा. सुती कुर्ता-पायजम्यावरच तो पाण्यात उतरला आणि अंगातले जॅकेट त्याने काढून ठेवले. "चाचा, मला काय गरज?" असे वर म्हणाला. विहिरीचे पाणी उभे असते, समुद्राचे ओढते. परतणाऱ्या लाटेने त्याला आत नेले. कुर्ता फुगून हातांभोवती गुंडाळला, पायजमा पायांना चिकटला. तो हात मारत होता, पण जागचा हलत नव्हता. होडीवाल्याने दोरी बांधलेली रिंग फेकली आणि त्याला ओढून काढले. वाळूवर आणल्यावर होडीवाला एवढेच म्हणाला, "सुती कपडो पाणी पिता. मगे तो तुमका खाली खेचता."

तीस वर्षे आम्ही कापड बाजारात बसून गिऱ्हाइकाला सुती कापडाचे गुण सांगतो, ते घाम शोषते म्हणून त्याची तारीफ करतो. हाच गुण पाण्यात दोष होतो, हे आम्हाला एका होडीवाल्याने शिकवले. मान खाली घालण्यासारखीच गोष्ट होती.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. आमच्या घरातल्या स्त्रिया दिवसभर वाळूवरच बसून होत्या. पाण्याची हौस त्यांना नव्हती असे नाही. अंगभर असेल, पाण्यात फुगणार नाही आणि बाहेर आल्यावर अंगाला चिकटणार नाही, असा कपडा त्यांच्याकडे नव्हता. जवळच बसलेल्या दुसऱ्या धर्माच्या कुटुंबातल्या बायकाही साडी सावरत काठावरच उभ्या होत्या. म्हणजे ही अडचण फक्त आपली नाही. आणि जिथे अडचण तिथे धंदा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात आहिदा झनेट्टी या लेबनीज वंशाच्या महिलेने २००४ मध्ये ही गरज ओळखली आणि बुर्किनी नावाचा अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला. २०१६ मध्ये फ्रान्समधील काही नगरपालिकांनी त्यावर बंदी घातली, तेव्हा तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. वाद काहीही असो, आपल्या भाषेत सांगायचे तर एका शिवणकाम जाणणाऱ्या बाईने घरच्या अडचणीतून बाजार उभा केला.

हे काम आपल्या शिंप्यांना अवघड नाही, पण त्याची रीत वेगळी आहे. कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचे, इलॅस्टेन मिसळलेले हवे. ते पाणी फारसे धरत नाही आणि लवकर वाळते. तरणतलावातल्या क्लोरीनपुढे पॉलिस्टर जास्त टिकते. सुई गोल टोकाची लावावी, नाहीतर विणीचे धागे तुटतात. साधी सरळ शिलाई ताणली की उसवते, म्हणून ओव्हरलॉक किंवा फ्लॅटलॉक करावी. कुर्त्याचा घेर कमी ठेवावा आणि तो आतून बंदाने पायजम्याला जोडावा, म्हणजे पाण्यात वर येत नाही. रंग पक्का आहे की नाही ते मिठाच्या पाण्यात तुकडा बुडवून आधी पाहावे. गिऱ्हाइकालाही सांगावे की वापरल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.

एक इशारा मात्र हवा. कपडा कितीही चांगला असला तरी तो जीव वाचवत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून २ जणांचा जीव गेला. तेव्हा जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नये, मावतील त्यापेक्षा जास्त माणसे असतील तर उतरून यावे आणि स्थानिक माणसाने नको म्हटले तर पाण्यात जाऊ नये.

परत आल्यावर आम्ही थोडे कापड मागवले आणि ओळखीच्या शिंप्याकडून पहिले चार जोड शिवून घेतले. पहिल्या जोडाची शिलाई उसवली, दुसऱ्याचा गळा सैल झाला. चौथा जोड घरात सर्वांना पसंत पडला. नफा-तोटा पुढे कळेलच. पुढच्या हिवाळ्यात, इन्शाअल्लाह, त्याच वाळूवर पुन्हा जायचे आहे. या वेळी आमच्या घरातल्या स्त्रिया काठावर बसणार नाहीत आणि पुतण्या जॅकेट काढणार नाही.