वारस कोण, हे सांगतं कोण?

वर्ध्यात वारसाहक्काची गोष्ट निघाली की ती जमनालाल बजाजांपाशी जाते. शेठ बच्छराजांच्या घरी नातू म्हणून दत्तक आलेल्या या मुलाने, आजोबांचे बोल जिव्हारी लागले म्हणून, सतराव्या वर्षी इस्टेटीवर पाणी सोडल्याचं पत्र लिहून दिलं. पुढे समेट झाला, इस्टेटही त्यांच्याकडेच आली. निदान हक्क सोडताना लेखणी त्यांच्या हातात होती. जिल्ह्यातल्या कोरडवाहू वावरांचं तसं नाही. शेतकरी सहसा मृत्युपत्र करत नाही (जित्या माणसाने मरणाचं बोलणं अभद्र, एवढं कारण पुरतं) आणि वारस ठरतात ते तलाठ्यापुढच्या अर्जात.

कायदा कोड्यात बोलत नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, जो बौद्धांनाही लागू आहे, विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना एका ओळीत बसवतो. समजा, सेलूकडच्या एकाने स्वकष्टाने सहा एकर घेतलं. मागे बायको, म्हातारी आई, दोन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकी एक एकर आठ गुंठे. मयताचा बाप हयात असला तरी त्याला काही नाही, तो दुसऱ्या वर्गात. पारावरच्या म्हाताऱ्यांना हे पटवून दाखवा! वडिलोपार्जित जमिनीत तर मुलगी जन्मानेच हिस्सेदार. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हा हक्क दिला तो तोवर अविवाहित असलेल्या मुलींपुरता. २००५ ला केंद्राने ती अट काढली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप २००५ मध्ये हयात असण्याचीही गरज नाही.

आता अर्ज पाहा. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, आणि वारसांची नावं, वयं, नातं सांगणारं शपथपत्र. तलाठी ती नावं गाव नमुना सहा-क मध्ये घेतो, मंडळ अधिकारी चौकशी करतो, फेरफार प्रमाणित होतो, मयताच्या नावाला कंस पडतो. चौकशी बरेचदा गावातल्या चौघांना विचारण्यापुरती. "पोरीचं लगन झालं, आता तिचं नाव कायले टाकता?" एवढ्यावर मुलगी गळते. जुने सातबारे काढून बघा: कब्जेदारात थोरला भाऊ 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून, आणि बहिणी 'इतर हक्का'त, सोसायटीच्या बोजाशेजारी. जिचं नाव लागतं तिला दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्राला नेतात; माहेर तुटेल या धाकाने ती सही करते. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती महसुलापुरती नोंद. म्हणजे वगळलेलीचा हक्क मरत नाही. पण तो दिवाणी कोर्टात मागायचा तर वकील आला, तारखा आल्या, भावाशी अबोला आला.

सगळ्यात बिकट गत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोची. सरकार एक लाख देतं, तेही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. सातबारावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि राबायला मात्र तेच वावर. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ जणींची पाहणी केली. सुमारे ४० टक्के जणींना नवऱ्याच्या शेतीवर हक्क मिळालेला नव्हता. सासरच्यांची भीती ठरलेली: ही दुसरं लग्न करील, जमीन जाईल. तिने लग्न केलं तरी नवऱ्याकडून आलेला हिस्सा तिचाच राहतो, हे तिला सांगणारं घरात कोणी नसतं.

गोंड आणि कोलामांना हा उत्तराधिकार कायदा लागूच नाही. तिथे रूढी चालते. पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना समान वाटा दिला: बाईला वगळणारी रूढी आहे, हे सिद्ध करा, नसेल तर समानता. हा निकाल आपल्याकडच्या गोंडवस्त्यांपर्यंत कोणी पोचवला तर बरं.

'जिवंत सातबारा' मोहीम १ मार्च २०२५ ला बुलडाण्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. मयतांची नावं निघतील, कामही वेगाने होईल. नावं मात्र कुटुंबच सांगणार. माहेरच्या गावातला फेरफार सासरी बसून 'आपली चावडी' या संकेतस्थळावर मोबाइलमध्ये दिसतो. हरकतीला पंधरा दिवस असतात.