देयकातील अघोषित प्रक्षेप

अवलेह सिद्ध झाल्यावर शेवटी प्रक्षेप द्रव्ये घालावयाची असतात. परंतु ती पाठात नावानिशी आणि प्रमाणासह दिलेली असतात. च्यवनप्राशात पिंपळी किती, वंशलोचन किती, हे कोणासही पडताळता येते. प्राप्तिकराचे विवरणपत्र तयार करून देणाऱ्या काही संगणकप्रणालींच्या देयकात मात्र शेवटचा प्रक्षेप पाठाबाहेरचा असतो. मूळ शुल्क आरंभी ठळक दिसते. रक्कम भरण्याच्या अखेरच्या पडद्यावर ‘तज्ज्ञ साहाय्य’, ‘नोटीस संरक्षण’ अशा नावांपुढे होकाराची खूण आधीच उमटलेली असते. रुग्णालयाच्या गर्दीतून वेळ काढून मुदतीच्या आदल्या रात्री विवरणपत्र भरणारा चिकित्सक ती पाहणार कधी?

(शासनाच्या प्राप्तिकर संकेतस्थळावर विवरणपत्र विनाशुल्क भरता येते, हे आपल्यापैकी अनेकांना आजही ठाऊक नसते.)

रक्कम काही शे रुपयांची, म्हणून बहुतेक वैद्यबंधू ती सोडून देतात. आमच्या मते ती सोडू नये, कारण कायदा येथे सुस्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच घ्यावी लागते. आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक सूचनांत, न मागितलेली सेवा देयकात घुसडण्याच्या या प्रकारास ‘बास्केट स्नीकिंग’ असे नाव दिले आहे.

तक्रार कशी लिहावी, यावर बरेच अवलंबून असते. संपूर्ण रक्कम परत मागू नये. विवरणपत्राची सेवा घेतली आहे, तिचे शुल्क मान्य आहे, एवढे आरंभीच लिहावे. नंतर वादग्रस्त शुल्क नावानिशी वेगळे काढून, ही सेवा मागितली नव्हती आणि वापरलीही नाही, असे नमूद करावे. देयक व अखेरच्या पडद्याचे छायाचित्र जोडावे. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे असावे. त्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे हेच नियम सांगतात. दूरध्वनीवरील गोड आश्वासनास कागदाचे मोल नाही. वार्षिक नूतनीकरणाचा आदेश बँकेत नोंदला गेला असल्यास तो त्याच दिवशी रद्द करावा.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो वा व्यवसाय करतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही.

‘आपली खरेदी व्यावसायिक आहे, आपण ग्राहकच नाही,’ असे उत्तर औषधालयांच्या मालकांना मिळू शकते. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर २०१९ च्या कायद्याने व्यावसायिक हेतूतून वगळला आहे, मात्र त्या तरतुदीत सेवांचा उल्लेख नाही. एकट्याने दुकान चालविणाऱ्याने आपण स्वयंरोजगारी असल्याचे उत्तरात लिहावे, पण केवळ या तरतुदीवर विसंबू नये. मोठ्या भागीदारी संस्थांना हा आधार मिळणे कठीण.

औषधालयांसाठी आणखी एक. परतावा मिळताना त्यावरील वस्तू व सेवा कराची क्रेडिट नोट मागून घ्यावी, आणि त्या कराचे इनपुट क्रेडिट आधी घेतले असल्यास तेवढे उलटवावे.