व्यायामाचा मार्ग आणि देशविचार : करंजाडे परिसरातील काही वाटा

दिनचर्येतील व्यायामाचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. प्रमेह, स्थौल्य, अग्निमांद्य, मलबद्धता अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांस आपण औषधाबरोबर ‘रोज चालत जा’ असे सांगतोच. औषधाची मात्रा, काल व अनुपान आपण कागदावर लिहून देतो. चालण्याच्या बाबतीत मात्र किती, केव्हा आणि विशेषतः कोठे, हे बहुधा रुग्णावर सोपवितो. रुग्ण चार दिवस रस्त्याच्या कडेने चालतो, धूळ व डंपर यांना कंटाळतो आणि पाचव्या दिवशी घरी बसतो. पुढील खेपेस ‘चालणे चालू आहे ना?’ या प्रश्नास तो मान डोलावतो आणि आपण गोळ्यांची मात्रा वाढवितो.

करंजाडे ही गाढी नदीच्या काठी, पनवेल शहरास लागून सिडकोने वसविलेली वसाहत. येथे दोन प्रकारचे लोक प्रामुख्याने दिसतात. एक, रेल्वेने दूर नोकरीस जाणारा, दिवसाचे दहा तास बसून काढणारा वर्ग. दुसरा, या भागातील मूळ आगरी-कोळी कुटुंबे. त्यांत नवी मुंबई विमानतळासाठी गाव सोडून वडघर-करंजाडे भागात आलेलीही आहेत. भातशेती, मिठागर, मासेमारी यांत या मंडळींचा व्यायाम कामातच होत असे. जमीन गेली, आहार तोच राहिला. भात, मासळी आणि दिवास्वाप यांच्या जोडीला आता श्रम नाहीत. कफकर व मेदकर निदानाचे असे ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. या दुसऱ्या वर्गास व्यायामाचा उपदेश करताना वैद्याने थोडे जपून बोलावे, असे आमचे मत आहे. ज्याने आयुष्यभर चिखलात पेरणी-लावणी केली त्यास ‘तुम्ही हालचाल करीत नाही’ हे वाक्य लागते.

मात्रेविषयी शास्त्र स्पष्ट आहे. वाग्भटाने बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, इतर ऋतूंत त्याहूनही मंद व्यायाम सांगितला आहे. ललाट, नासा, कक्षा व संधी यांच्या ठिकाणी स्वेद येणे आणि श्वास मुखावाटे घ्यावासा वाटणे ही अर्धशक्तीची खूण रुग्णास सहज समजते. ‘तोंड उघडून श्वास घ्यावा लागला की धावणे थांबवा व चालू लागा’ एवढे सांगितले तरी पुरते. वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांस तर व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. अतियोगाने तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दी उत्पन्न होतात आणि हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे मनुष्य नाश पावतो, हा वाग्भटाचा इशारा हल्लीच्या मॅरेथॉनप्रेमी तरुणांस वाचून दाखवावा असा आहे.

आता देशाविषयी. जांगल, आनूप व साधारण हे देशभेद आपण औषधी द्रव्यांच्या संदर्भात अभ्यासतो व तेथेच सोडून देतो. वास्तविक तेच भेद चालण्याच्या वाटेसही लावता येतात. कोकणपट्टी मुळात आनूप. तरीही पनवेलच्या परिसरात दहा-बारा किलोमीटरच्या आत काठ, माळ व वन अशी तिन्ही प्रकारची भूमी मिळते, ही येथील वैद्यांची मोठी सोय आहे.

तलावकाठापासून आरंभ करू. पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे ही नावे जुन्या पनवेलकरांच्या तोंडी अजून आहेत. त्यांपैकी बल्लाळेश्वर मंदिरानजीकचा वडाळे तलाव करंजाड्याच्या रुग्णास सर्वांत सोयीचा. सपाट व बांधलेली वाट, बसावयास जागा आणि आजूबाजूस माणसांचा वावर. त्यामुळे वृद्ध, संधिवाताचे रुग्ण व नुकताच व्यायाम आरंभलेले स्थूल रुग्ण यांस प्रथम येथेच पाठवावे. सुश्रुताने देहास फार पीडा न देणाऱ्या चंक्रमणास आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे म्हटले आहे. हे चंक्रमण म्हणजे जॉगिंग नव्हे, हे रुग्णास समजावून द्यावे. मात्र काठ आनूप असल्याने हेमंत-शिशिरात भल्या पहाटे तेथे गारवा व दमटपणा असतो. तमक श्वास, प्रतिश्याय व आमवात यांच्या रुग्णांनी सूर्य वर आल्यावरच जावे. याला आणखी एक कारण आहे. थंडीत जमिनीलगतची हवा वर उठत नाही व वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ पहाटे खालीच साचून राहते. ‘पहाटेची शुद्ध हवा’ हे आपले आवडते वाक्य अवजड वाहतुकीच्या हमरस्त्यालगत राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हिवाळ्यात खरे ठरत नाही.

गाढीचा काठ घराजवळ असला तरी सलग व आखलेली वाट म्हणून तो आम्ही सुचवीत नाही. पावसाळ्यात तर साचलेल्या पाण्यातून चालणे कटाक्षाने टाळावे. पायास लहानशी जखम असेल तर अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होते, आणि आरंभी तो साधा ज्वर वाटून दिवस वाया जातात.

माळरान हवे असल्यास खारघर. येथील टेकडीवर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी पाड्यांकडे जाणारा चढाचा रस्ता आहे. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते, वारा कोरडा असतो. आनूप प्रदेशातील जांगल तुकडाच म्हणावा. कफप्रधान, मेदस्वी पण हृदय व गुडघे निकोप असलेल्या चाळिशीच्या आतील रुग्णास हा चढ उत्तम. वातप्रकृतीच्या कृश माणसास तोच चढ व तोच वारा बाधतो. ग्रीष्मात व शरदात ही वाट सर्वांसच वर्ज्य समजावी. पांडवकडा धबधब्याच्या परिसरात पावसाळ्यात प्रवेशास मनाई असते व तेथे बुडून मृत्यू झालेले आहेत. तरुण रुग्णांस हे आवर्जून सांगावे. टेकडी झेपत नसेल त्यांच्यासाठी खाली सिडकोचे सेंट्रल पार्क आहे. २०१० मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानातील विस्तीर्ण सपाट मार्ग हलक्या धावण्यास योग्य आहे.

तिसरी वाट वनाची. पनवेलहून गोव्याच्या मार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६६) सुमारे बारा किलोमीटरवर कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये ४.४८ चौ. कि.मी. क्षेत्रावर स्थापन झालेल्या या अभयारण्याचा पुढे १२.११ चौ. कि.मी.पर्यंत विस्तार झाला. हरियाल व मोरटाका या आतील निसर्गवाटा सावलीच्या आहेत. पित्तप्रकृतीच्या, रक्तदाबाने व अनिद्रेने त्रस्त माणसास या वाटा मानवतात. आमच्या अनुभवात आठवड्यातून एक दिवस येथे घालविणारा रुग्ण उरलेले सहा दिवस वडाळे तलावावर नेमाने जातो. कर्नाळा किल्ल्याचा चढ हा मात्र वेगळा विषय. तो चंक्रमणात मोडत नाही आणि प्रमेहाच्या रुग्णास त्याची शिफारस करू नये.

येथे सुश्रुताची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रमेहचिकित्सेत त्याने निर्धन रुग्णास पादत्राण व छत्रावाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र वसून शंभर योजने चालावयास सांगितले आहे. धनिकास श्यामाक-नीवार खाऊन वनात हरिणांसह राहावयास सांगितले आहे. म्हणजे श्रमाबरोबर भूमी, आहार व सहवासही त्याने ठरवून दिला. रुग्णाच्या ऐपतीप्रमाणे वाट निराळी सांगणारा हा वैद्य आपल्यापेक्षा व्यवहारी होता, असे आम्हास वाटते. अनवाणी चालण्याचे वचन मात्र आज शब्दशः घेऊ नये. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतलेला कळत नाही आणि पुढे व्रण होऊन पाय गमावण्याची वेळ येते. वाट सांगण्यापूर्वी वैद्याने तळपाय स्वतः पाहावा, बोटांच्या बेचक्यांसह. इन्सुलिन वा साखर उतरविणारी आधुनिक औषधे घेणाऱ्या रुग्णाने उपाशीपोटी लांब जाऊ नये आणि खिशात साखर वा गूळ ठेवावा. चढावर छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा घेरी येत असल्यास प्रथम हृदयाची तपासणी. व्यायामाचा विचार त्यानंतर.

औषधी दुकानदार बंधूंसाठीही दोन गोष्टी. कर्नाळ्याच्या जंगलात ऐन, उंबर, पांगारा, कळंब असे कितीतरी परिचित वृक्ष दिसतात. द्रव्य ओळखण्यास ही उत्तम पाठशाळा. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील या क्षेत्रातून साल, फळ, मूळ काहीही उचलू नये, मदतनीसांसही तसे बजावावे. दुसरे, व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन सांगितले आहे, आणि ग्राहक तेल मागतो ते याच वेळी. त्यास ऋतू व प्रकृती विचारून तेल द्यावे. दारुण कफाच्या व अजीर्णाच्या ग्राहकास तेलाची बाटली न देता वैद्याकडे परत पाठवावे.

आम्ही अलीकडे चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ वाढविली आहे : वाट, वेळ, फेऱ्या व थांबण्याची खूण. उदाहरणार्थ, ‘वडाळे तलाव, सकाळी साडेसात, दोन फेऱ्या, कपाळावर घाम आला की बसणे’. पुढील खेपेस रुग्ण स्वतःहून सांगतो, ‘तीन फेऱ्यांना घाम येतो आता’. त्यानंतरच मात्रा बदलावी, फेऱ्यांची आणि गोळ्यांचीही.