साडेचारशे रुपयांचे दोन बाइट

ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात यूपीआयवरून २,००१ कोटी व्यवहार झाले. त्यांतून २४.८५ लाख कोटी रुपये इकडचे तिकडे गेले. दिवसाला साडेचौसष्ट कोटी व्यवहार, सेकंदाला सरासरी ७,४७०. सेकंदाला एक या वेगानं ते तपासायला कुणी बसला, तर त्याला ६३४ वर्षं लागतील. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर शंभर वर्षांनी तो बसला असता, तर आत्ता कुठे उठला असता.

हा गाडा हाकणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं कार्यालय मुंबईच्या उपनगरात, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. या आकड्यांमागची खरी थक्क करणारी गोष्ट मात्र फार बारीक आहे. पैशांचा प्रत्येक निरोप वाटेत रूप बदलतो आणि तरीही रक्कम तीच राहावी लागते.

मुलुंडच्या किराणा दुकानात ४५० रुपयांचं बिल झालं, असं धरू. यूपीआयचे निरोप एक्सएमएल या मजकुरी साच्यात फिरतात, माणसालाही वाचता येतील असे. तिथे रक्कम ‘४५०.००’ अशी जाते: सहा चिन्हं, सहा बाइट. कार्डाच्या व्यवहारांसाठी आयएसओ ८५८३ हा साचा आहे, पहिल्यांदा १९८७ साली ठरलेला. त्यात रकमेचा रकाना बारा अंकी आणि हिशेब पैशांत: ०००००००४५०००. हीच रक्कम शुद्ध बायनरीत लिहिली तर १०१०११११११००१०००. सोळा बिट, म्हणजे नेमके दोन बाइट.

आता हे दोन बाइट जवळून पाहा. पाठवणाऱ्यानं वरचा बाइट आधी ठेवला आणि घेणाऱ्यानं तो नंतरचा समजला, तर ४५० रुपयांचे ५१३ रुपये ७५ पैसे होतात. घेणाऱ्यानं पहिला बिट वजाबाकीच्या चिन्हाचा मानला, तर उणे २०५ रुपये ३६ पैसे. तारेवर एकही बिट बिघडलेला नसतो. बिघडलेला असतो तो दोघांमधला करार.

आयएसओ ८५८३ मध्ये निरोपाच्या सुरुवातीलाच ६४ बिटांचा नकाशा असतो. पुढे कोणते रकाने आहेत आणि कोणते नाहीत, हे त्यातला एकेक बिट सांगतो. ६४ बिटांच्या जुळण्या होतात १ लाख ८४ हजार कोटी कोटींहून जास्त. त्यातला एक बिट चुकीचा वाचला तर? तिसरा रकाना व्यवहाराच्या प्रकाराचा, सहा अंकी. साध्या खरेदीला सहा शून्यं. चौथा रकमेचा. समजा, त्याच्या पुढचा रकाना महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा दहा अंकी आहे. तिसरा बिट शून्य वाचला गेला, तर प्रकाराची सहा शून्यं रकमेत शिरतात. रक्कम होते शून्य. उरलेले ०४५००० तारखेच्या रकान्यात घुसतात आणि तारीख होते एप्रिलची पन्नास! अशी तारीख नसते, म्हणून चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

पण बिल ४१५ रुपयांचं असतं तर? ०४१५०० म्हणजे १५ एप्रिल, मध्यरात्र. मूळ तारीख १५ ऑगस्ट असेल, तर तिचे ०८१५ मागून येऊन आठ मिनिटं पंधरा सेकंद होतात. तारीख अगदी निर्दोष आणि पूर्ण खोटी. म्हणून एका चाळणीवर भागत नाही. तारीख आजच्या जवळची आहे का, रक्कम शून्याहून मोठी आहे का, निरोपाची लांबी जुळते का, हे सगळं विचारावं लागतं.

अक्षरांचीही तीच गत. ‘घाटकोपर’मध्ये काना-मात्रा धरून सात चिन्हं. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात त्यांना सात बाइट पुरत. आजच्या यूटीएफ-८ मध्ये एकवीस लागतात. तेच नाव वीस बाइटांच्या रकान्यात कोंबलं, तर ‘र’चा शेवटचा बाइट कापला जातो आणि उरलेल्या दोन बाइटांचं कुठलंच अक्षर होत नाही. महिन्याच्या २,००१ कोटी निरोपांत हे एक नाव घातलं, तर तेवढ्यानंच ४२० जीबी भरतात.

एक्सेलमध्ये सोळा अंकी कार्ड क्रमांक आकडा म्हणून टाकून पाहा. शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक नेमके सांभाळतं. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं तर एंटर दाबताच जातात. ज्या अंकांची बेरीज करायची नाही, ते मजकूर म्हणूनच ठेवायला हवेत.

कोटीत एक चूक म्हणजे कुठल्याही परीक्षेत पैकीच्या पैकी. इथे मात्र त्याचा अर्थ रोज चौसष्ट चुकलेले व्यवहार: कुणाची फी, कुणाचं औषध, कुणाचं घरभाडं. म्हणून रूपांतराचा प्रत्येक प्रोग्राम उलटाही चालवून पाहावा. मजकुराचं बायनरी करा, बायनरीचा पुन्हा मजकूर करा आणि बाइटला बाइट लावून जुळवा. शून्य, सगळ्यात मोठी रक्कम आणि मराठी नावं यांच्यावर ही परीक्षा आधी घ्या. वेग यंत्रं वाढवून विकत घेता येतो. हा चोखपणा मात्र कुणीतरी एकेक रकाना बसून विचारपूर्वक ठरवल्याशिवाय येत नाही, आणि आपण निर्धास्तपणे पैसे पाठवतो ते त्याच कामाच्या भरवशावर.