पडद्यावर दरी कशी उघडते?

डोळ्यांसमोर एक चित्र आणा. पडदाभर एकच आडवी लोखंडी दांडी. मागचे सारे धूसर. आपण जमिनीवर आहोत की उंचावर, काही उमगत नाही. एवढ्यात खालून एक हात येतो आणि दांडी घट्ट पकडतो. ही तर शिडीची वरची पायरी! एक माणूस छपरावर चढून पळत सुटतो. त्याच्या मागे गणवेशातला पोलीस, आणि त्याच्याही मागे साध्या वेषातला एक पोलीस अधिकारी. भोवती सॅन फ्रान्सिस्को शहर.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५८ सालच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटाची ही सुरुवात. अधिकारी (जेम्स स्टुअर्ट) एका छपरावरून दुसऱ्यावर उडी घेतो, घसरतो आणि पन्हळीला लोंबकळतो. तो खाली पाहतो. इथे पडद्यावर काहीतरी विलक्षण घडते. बाजूच्या भिंती जागच्या जागी असल्यासारख्या वाटतात, पण गल्लीच्या तळाचे अंतर डोळ्यांदेखत बदलू लागते. पोलीस हात द्यायला परत येतो आणि तोच खाली कोसळतो. लोंबकळणारा अधिकारी सुटला कसा, हे चित्रपटात शेवटपर्यंत दाखवलेलेच नाही!

आता त्या विलक्षण क्षणाकडे वळू. त्याचे मूळ तुमच्या भिंगांच्या धड्यात आहे. वस्तू भिंगापासून पुरेशी दूर असेल, तर

प्रतिमेची उंची = वस्तूची उंची × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर

असे ढोबळमानाने म्हणता येते. समजा, एक मीटर उंचीचे दोन खांब एकामागे एक, आठ मीटर अंतरावर रोवले आहेत. कॅमेरा जवळच्या खांबापासून ८ मीटरवर आहे आणि नाभीय अंतर आहे १०० मिलिमीटर. जवळच्या खांबाची प्रतिमा १२.५ मिलिमीटर आणि दूरच्याची ६.२५, म्हणजे बरोबर निम्मी.

आता कॅमेरा पुढे नेऊन जवळच्या खांबापासून २ मीटरवर आणा आणि त्याच वेळी झूम भिंगाचे नाभीय अंतर कमी करत २५ मिलिमीटर करा. जवळचा खांब? पुन्हा १२.५. पण दूरचा खांब आता १० मीटरवर आहे. त्याची प्रतिमा उरली २.५ मिलिमीटर. जवळचा खांब जराही हलला नाही आणि दूरचा मात्र दूर, आणखी दूर गेला. उलट केले, म्हणजे कॅमेरा मागे नेत नाभीय अंतर वाढवले, की दूरचा खांब फुगून अंगावर येऊ लागतो.

इथे एक गैरसमज काढून टाका. दोन खांबांच्या प्रतिमांचे गुणोत्तर भिंगावर अवलंबून नसते. नुसते नाभीय अंतर बदलले तर दोन्ही प्रतिमा सारख्याच प्रमाणात लहानमोठ्या होतात. गुणोत्तर ठरते ते कॅमेरा कुठे उभा आहे त्यावर. भिंगाचे काम एवढेच, की जवळची वस्तू तेवढीच ठेवून कॅमेऱ्याची हालचाल लपवायची. आपला डोळा अंतराचा अंदाज घेताना या गुणोत्तराचाही आधार घेतो. तेच सरकू लागले, की जग हलते आहे असे वाटते. अंतर्कर्णातील नलिका मात्र सांगत असतात की आपण खुर्चीत स्थिर बसलो आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की गरगरल्यासारखे होते.

ही कल्पना हिचकॉक यांच्या डोक्यात कित्येक वर्षे होती. लंडनच्या एका समारंभात मद्याच्या अमलाखाली असताना सारे काही आपल्यापासून दूर जाते आहे असे त्यांना वाटले होते. ‘रिबेका’ (१९४०) मध्ये त्यांना ते दाखवायचे होते, पण जमले नाही. ‘व्हर्टिगो’त ते जमवण्याचे श्रेय इर्मिन रॉबर्ट्स या छायालेखकाला दिले जाते. पुढे याच चित्रपटात मनोऱ्याच्या जिन्याचेही असेच दृश्य आहे. त्यासाठी जड कॅमेरा उंच चढवायचा, तर खर्च ५०,००० डॉलर सांगितला गेला. हिचकॉक यांनी जिन्याची लहान प्रतिकृती करवून ती चक्क आडवी ठेवली. काम १९,००० डॉलरमध्ये झाले. ज्या खोलीकडे पाहून प्रेक्षकांच्या छातीत धस्स होते, ती जमिनीला समांतर पसरलेली होती!

तुम्हालाही हे करून पाहता येईल. शाळेच्या लांब व्हरांड्यात स्टुलावर पाण्याची बाटली ठेवा. मागे आठेक मीटरवर भिंत असू द्या. बाटलीपासून आठ मीटरवर उभे राहून मोबाइलच्या कॅमेऱ्याचा झूम चारपट करा. मग चित्रण चालू ठेवून सावकाश पुढे चाला आणि बाटली पडद्यावर तेवढीच राहील असा झूम कमी करत न्या. दोन मीटरवर पोचाल तेव्हा तो एकपट झालेला असेल. हे पहिल्या खेपेस साधत नाही. माझ्या विद्यार्थ्यांची बाटली चार वेळा मध्येच फुगली, मध्येच आक्रसली. पाचव्या वेळी ती जागची हलली नाही, आणि मागची भिंत लांब लांब सरकत गेली. व्हरांडा तळमजल्यावरचा. तरी चित्रण पाहताना एक मुलगी म्हणालीच, “सर, पोटात कसंतरी झालं!”