तलावांच्या मुलखातील हिवाळी प्रवास

हिवाळ्यात प्रवासास निघावयाचे म्हटले, की शहरातील कुटुंबांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. डोंगरांच्या रांगा, त्यांच्या कुशीत पसरलेले विस्तीर्ण सरोवर आणि एखाद्या कड्यावरून खाली येणारा शुभ्र प्रपात. हे चित्र बहुधा काश्मीरचे असते, नाही तर कुमाऊंचे. महाराष्ट्रात असा प्रदेश कोठे आहे, असे विचारले तर बोट सह्याद्रीकडे वळते. परंतु सह्याद्रीत कडे आणि धबधबे विपुल असले, तरी हिवाळ्यात त्यांतील बहुतेक धबधबे आटलेले असतात. डोंगर, तलाव आणि धबधबा ही तिन्ही एकत्र पाहावयाची असतील, तर प्रवाशाने सह्याद्रीकडे पाठ फिरवून राज्याच्या थेट पूर्व टोकास जावे. तेथे गोंदिया जिल्हा आहे.

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. मुलूख मात्र फार जुना. वैनगंगेच्या खोऱ्यातील या दाट अरण्याच्या पट्ट्यास लोक झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील मराठीस झाडीबोली. नागपुराहून आगगाडीने सुमारे 130 किलोमीटर पूर्वेस गेले, की गोंदिया स्थानक येते. तेथे हिमाच्छादित शिखरे नाहीत. डोंगरही हिमालयाच्या मानाने टेकड्याच. परंतु हा मुलूख जगातील बहुतेक सरोवरांच्या प्रदेशांहून एका गोष्टीत निराळा आहे, आणि ती ठाऊक असल्यावाचून तेथला प्रवास अर्धाच होतो. ती गोष्ट अशी, की येथील सरोवरे निसर्गाने दिलेली नाहीत. ती माणसांनी, मातीच्या टोपल्या वाहून, केलेली आहेत.

तलाव करण्याची गरज का पडली, याचे उत्तर तेथील भूमीत आहे. या भागात वर्षाकाठी सुमारे 1,200 ते 1,300 मिलिमीटर पाऊस पडतो. हे मान काही थोडे नव्हे. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. जमिनीखाली अतिप्राचीन, कठीण खडक आहे. त्यात पाणी फारसे मुरत नाही. पाऊस पडतो आणि ओढ्यानाल्यांनी वैनगंगेस जाऊन मिळतो. इकडे मुख्य पीक धानाचे. धानास शेवटचे पाणी लागते ते दाणा भरण्याच्या वेळी, म्हणजे नेमके पाऊस काढता पाय घेत असताना. हस्त नक्षत्राने दगा दिला, तर चार महिन्यांचे श्रम पंधरा दिवसांत मातीस मिळतात. म्हणून आषाढ-श्रावणाचे पाणी आश्विनापर्यंत अडवून धरणे, हा या प्रदेशात जीवनमरणाचा प्रश्न होता.

तो प्रश्न सोडविण्यात कोहळी या शेतकरी जातीने मोठे नाव मिळविले. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांस आपल्या राज्यात आणून वसविले, अशी परंपरागत कथा आहे. जो तलाव बांधील त्यास त्याखाली भिजणारी जमीन मिळे, असेही सांगतात. कथेतील इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तलाव समोर आहेत. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी, म्हणजे बोलीभाषेत ‘मामा’ तलावांची संख्या हजारांनी मोजावी लागते. त्यांखेरीज शेताच्या उशाशी असणाऱ्या लहान बोड्या वेगळ्याच.

त्यांतील नवेगावबांध हा सर्वांत विख्यात तलाव. गोंदियाच्या दक्षिणेस सुमारे 65 किलोमीटरांवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, डोंगरांच्या कड्यात हा जलाशय पसरला आहे. त्याचा विस्तार सुमारे 11 चौरस किलोमीटर असून मध्यभागी मालडोंगरी नावाचे बेट आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे मानले जाते. सभोवारच्या शिखरांस लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि या सात बहिणींनी कोलू पाटलास बांध पुरा करण्यास साहाय्य केले, अशी श्रद्धा आहे. पुढे कोलू पाटलासच देवत्व प्राप्त झाले. कोलासूर या नावाने त्याचे ठाणे तलावाच्या पाळीजवळ आहे.

शहरी प्रवासी ही कथा ऐकून हसतो. परंतु पाळीवर उभे राहून त्याने एकवार सभोवार पाहावे, म्हणजे तिच्यातील शहाणपण कळते. तलावाच्या तीन बाजूंस डोंगरच आहेत. माणसाने घातली ती केवळ डोंगरांमधली खिंड बुजविणारी मातीची पाळ. बहिणींनी साहाय्य केले ते असे. स्थळाची निवड हीच अर्धी विद्या होती. उरलेली अर्धी विद्या पाण्याच्या वाटणीत होती. पाळीत ‘तुडूम’ नावाचे दार ठेवून त्यातून हवे तेवढे पाणी पाटात सोडावयाचे. पूर आला, तर जादा पाणी पाळीस धक्का न लावता सांडव्यावरून बाहेर जावयाचे. आणि बाहेर गेलेले पाणी वाया न जाता खालच्या गावाच्या तलावात पडावयाचे. अशा रीतीने एका डोंगराचे पाणी उतरत उतरत कित्येक गावांच्या बांध्या भिजवी.

हिवाळ्यातच येथे का जावे, याचे कारण आता सांगता येईल. कार्तिक-मार्गशीर्षात धानाची कापणी होते. बांध्यांतून धानाचे पुंजणे रचलेले दिसतात. उभ्या धानातच फेकलेली लाखोळी कापणीनंतर हिरवी होऊन वर येते, आणि जवसाच्या निळ्या फुलांनी शेते भरून जातात. दिवाळीपासून गावोगाव मंडई भरते, आणि रात्री दंडार किंवा नाटक असते. घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहणारा प्रेक्षक अजून ज्या थोड्या प्रदेशांत आहे, त्यांत झाडीपट्टीची गणना होते. थंडीही चांगलीच पडते. पौषातील कित्येक रात्री पारा 10 अंश सेल्सियसच्या खाली उतरतो. विदर्भातील नीचतम तपमानाच्या बातमीत गोंदियाचे नाव वारंवार असते. उबदार कपड्यांवाचून तेथे जाणे शहाणपणाचे नाही.

याच सुमारास तलावांचे पाणी उतरू लागते. दाणा भरण्यासाठी पाणी सोडलेले असते. काठाची उथळ, चिखलट जमीन उघडी पडते. माणसाच्या दृष्टीने तलाव रिकामा होतो, परंतु पाहुण्यांच्या दृष्टीने पान वाढले जाते. हे पाहुणे हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सायबेरियातून येतात. चक्रवाक, लालसरी, तलवार बदके यांचे थवे उथळ पाण्यातील वनस्पती, बी आणि कीटक यांवर हिवाळा काढतात. बदकांस खोल, स्वच्छ, घोटीव काठांचे पाणी फारसे मानवत नाही. त्यांस देवधान, गवत आणि कमळकंद असलेला काठ हवा असतो. असा काठ मातीच्या जुन्या तलावांस असतो. सिमेंटच्या उभ्या भिंतीस तो कोठून येणार?

या पक्ष्यांची ओळख महाराष्ट्रास करून देणारे मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी नवेगावबांधास वनाधिकारी म्हणून काही वर्षे काढली, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या लेखनाचा विशेष हा, की पक्ष्यांची कित्येक नावे आणि सवयी त्यांनी ग्रंथांतून नव्हे, तर ढिवर, गोंड व कोहळी जाणत्यांकडून मिळविल्या. तलाव बांधणाऱ्यांस तलावावरचे पक्षीही ठाऊक असावेत, यात नवल नाही.

पाहुण्यांखेरीज घरचा एक पक्षी येथे आहे, तो म्हणजे सारस. उभा राहिला तर माणसाच्या उंचीस येतो. मान व डोके तांबडे, अंग राखी. महाराष्ट्रात तो आता प्रायः गोंदिया आणि लगतच्या भागापुरताच उरला असून त्यांची संख्या काही डझनांत मोजण्याइतकीच आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच गवताचा ढीग करून मादी बहुधा दोन अंडी घालते. म्हणजे वंश टिकणे न टिकणे त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर असते. हिवाळ्यातील सकाळी नर, मादी आणि पिलू तलावाकाठी चरताना दिसतात. प्रवाशाने ती दुरूनच पाहावीत. विजेच्या तारा आणि शेतातील विषारी औषधे यांचा उपद्रव त्यांस पुरेसा आहे. त्यात कुतूहलाची भर नको.

नवेगावाहून उत्तरेस नागझिऱ्याचे अरण्य आहे. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, आणि डिसेंबर 2013 मध्ये या वनांचा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानकुत्रे यांच्या दर्शनासाठी लोक तेथे जातात. दर्शन होणे न होणे दैवाधीन. परंतु या अरण्याकडे पाणी साठविणारे कोठार म्हणूनही पाहिले पाहिजे. झाडोऱ्याखालची भुसभुशीत माती पावसाचे पाणी झेलते आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे सोडते. ‘झिरा’ हा शब्दच झिरपणाऱ्या पाण्याचा आहे. डोंगर उघडा पडला, तर तेच पाणी मातीसह धावत खाली येते आणि तलाव गाळाने भरतो. वरचे झाड आणि खालचा तलाव यांचे नाते असे आहे.

या नात्याची परीक्षा धबधब्यापाशी होते. गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमगाव, सालेकसा ही स्थानके गेल्यावर दरेकसा लागते. तेथून जवळच अरण्यात हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात त्याचे रूप रौद्र असते आणि गर्दीही तशीच. हिवाळ्यात धार बारीक होते, आणि काही प्रवाशांचा त्यामुळे हिरमोड होतो. वास्तविक विचार करावयाचा तो याच वेळी. श्रावणातील धबधबा हा ढगांचा असतो. मार्गशीर्षातील धबधबा डोंगराचा. पाऊस थांबून दोन-अडीच महिने लोटल्यावर जी धार कड्यावरून येते, ती अरण्याने राखून ठेवलेली शिल्लक होय.

त्याच परिसरात धनेगावानजीक कचारगडच्या विशाल नैसर्गिक गुहा आहेत. गोंड समाजाचे हे मोठे तीर्थ. पारी कुपार लिंगो याने येथे कोंडलेल्या बालकांस मुक्त केले, अशी कथा असून माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून यात्रेकरू येतात. हिवाळ्याच्या अखेरीस जाणाऱ्या प्रवाशास ही यात्रा लाभते. त्याने ती प्रेक्षक म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून पाहावी. दक्षिणेस गोठणगावाजवळ इटियाडोह धरण आहे, आणि त्याच परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्या पठारावरून पक्षी हिवाळ्यापुरते येतात, तेथूनच आलेली ही माणसे परत जाऊ शकली नाहीत, हा योगायोग विचारी प्रवाशाच्या मनास चटका लावतो.

आता या तलावांची आजची स्थिती. मालगुजारी पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, आणि 1950 च्या कायद्याने ती नष्ट झाली हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर तलाव सरकारकडे आले आणि गावाचा त्यांच्याशी असलेला रोजचा संबंध सैल झाला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाण्याचा हक्क शेतकऱ्यांचा, मासळीचा ठेका ढिवरांच्या संस्थेचा. पाळीची काळजी मात्र कोणाचीच नाही, अशी अवस्था कित्येक ठिकाणी आली. पूर्वी शेतकरी उन्हाळ्यात तलावाचा गाळ गाड्या भरून शेतात नेत. त्याने शेत सुपीक होई आणि तलाव खोल राही. ती चाल मागे पडली. गाळ साचला, बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापले, आणि देशी मासे व पाणवनस्पती कमी होत गेल्या.

तथापि चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. अर्जुनी मोरगावच्या परिसरात काही गावांतील ढिवर स्त्री-पुरुषांनी स्वतः तलावात उतरून बेशरम उपटून काढली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या तसे मासे आले. माशांमागे पक्षी आले. ज्या विद्येने तलाव बांधले ती अजून निःशेष झालेली नाही, याचा हा पुरावा होय.

सायंकाळी नवेगावच्या पाळीवरून सात बहिणींआड सूर्य जाताना पाहणे, हा या प्रवासातील परमोच्च आनंद मानला जातो, आणि तो तसा आहेही. मात्र त्या वेळी प्रवाशाने क्षणभर पायांखालीही पाहावे. ज्या मातीवर तो उभा असतो, ती कोणी तरी डोक्यावरून वाहून आणलेली असते, आणि सुमारे तीनशे पावसाळे तिने पाणी धरून ठेवलेले असते. पुढचे पावसाळे ती धरील की नाही, हे यापुढे तिची निगा कोण राखतो यावर अवलंबून आहे.