स्मृतीचा वेग आणि विजेचा दाब

संगणकाच्या अंगीं जी अल्पकालीन स्मृति असते, जिला सर्वत्र रॅम असें म्हणतात, तिचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याचा छंद पुष्कळ सुशिक्षित घरांतील तरुणांना असतो. या छंदास ओव्हरक्लॉकिंग असें नांव आहे. वेग वाढविला आणि संगणक सुरूच होईना, किंवा चालतां चालतां मध्येंच बंद पडूं लागला, कीं हे उत्साही वीर पहिला हात घालतात तो विजेच्या दाबाला. दाब चढविल्यानें खरोखर कांहीं साधतें काय? साधतें, परंतु सर्वत्र नव्हे. कोठें साधतें आणि कोठें नाहीं हें कळण्यास स्मृतीची घडण थोडी पाहिली पाहिजे.

१९६८ सालीं आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तिचेंच तत्त्व आजच्या स्मृतींत आहे. एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर मिळून एक कोठी होते. कपॅसिटरमध्यें विद्युद्भार असला तर एक, नसला तर शून्य. हा कपॅसिटर म्हणजे बारीक भोक पडलेली घागर समजावी. ती सतत झिरपत असते, आणि म्हणून साधारणपणें दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत प्रत्येक घागर पुन्हा भरावी लागते. वाचावयाच्या वेळीं ट्रान्झिस्टरचें दार उघडतें, घागरींतला अत्यल्प भार एका लांब तारेवर उतरतो, आणि तारेच्या टोकाशीं बसलेला वर्धक त्या किंचित् फरकावरून एक कीं शून्य याचा निवाडा करतो. दाब वाढविला म्हणजे दारें चपळाईनें उघडतात, फरक अधिक ठळक होतो आणि निवाडा लवकर लागतो. दाबाचा गुण म्हणतात तो एवढाच.

आतां थोडें गणित केल्यावांचून सुटका नाहीं. डीडीआर ४ जातीची, ३२०० अंकाची स्मृति घेतली तर तिच्या घड्याळाचे सेकंदाला १६० कोटी ठोके पडतात. म्हणजे एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. मागणी झाल्यावर सोळा ठोक्यांनीं उत्तर द्यावयाचें, असा करार असेल तर चिपेला १० नॅनोसेकंद मिळतात. एकानें वेग ३६०० केला आणि ठोके सोळाच ठेवले. आतां चिपेच्या हातीं ८.९ नॅनोसेकंदच उरले. तिच्याकडून खरोखरच अधिक चपळाई मागितली गेली आहे, आणि येथें दाब उपयोगी पडतो. दुसऱ्यानें वेग ३६०० केला, पण ठोके अठरा दिले. हिशेब करून पाहावा: पुन्हा १० नॅनोसेकंदच! कोठ्यांवर नवें ओझें पडलेंच नाहीं. तरीही संगणक अडखळत असेल तर दोष बहुधा दुसरीकडे, म्हणजे मदरबोर्डावरील तारांत अथवा प्रोसेसरमधील स्मृति-नियंत्रकांत, शोधावा. त्या नियंत्रकाचा दाब निराळा असतो. वर्गांतला मुलगा हुशार आहे, पण मास्तरांनाच भरभर प्रश्न विचारतां येत नाहींत. तेथें मुलाला अधिक दूध पाजून काय होणार?

चिपांचेही स्वभाव निराळे असतात. सॅमसंगची बी-डाय या नांवानें प्रसिद्ध असलेली चिप दाबाला मोठी दाद देते. इतर कित्येक चिपा उत्तराचे ठोके कमी करूं देतात, पण कोठ्यांची ओळ उघडण्यास लागणारा वेळ दाब चढवूनही फारसा घटूं देत नाहींत.

दाबाची किंमत उष्णतेच्या रूपानें मोजावी लागते. डीडीआर ४ चा प्रमाण दाब १.२ व्होल्ट, अतिवेगाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या बहुधा १.३५ वर चालतात. हा वाढावा दिसावयास लहान, पण चिपेच्या उघडझापींत खर्च होणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून तेवढ्यानें ती सव्वापट होते, आणि १.५ व्होल्टाला दीडपटीहूनही अधिक. हा १.५ चा आंकडा प्रमाणपत्रकांत परम मर्यादा म्हणून दिलेला आहे. त्यापुढें चिपेला कायमची इजा होऊं शकते. शिवाय तापलेली घागर अधिक झिरपते. दाबानें मिळविलेलें उष्णतेनें गमवावें, असा प्रकार होतो.

नियंत्रकाच्या दाबाशीं खेळणें तर याहून नाजूक. २००८ सालीं इंटेलनें नियंत्रक प्रोसेसरच्याच पोटांत घातला, तेव्हां डीडीआर ३ स्मृतीला १.६५ व्होल्टांपेक्षां अधिक देऊं नये, नाहीं तर प्रोसेसर बिघडेल, अशी सूचना केली होती. २०२३ सालीं एएमडीचे रायझन ७००० जातीचे कांहीं प्रोसेसर जळाले. स्मृतीची अतिवेगाची योजना चालूं करतांच कांहीं मदरबोर्ड नियंत्रकाच्या भागाला आपण होऊन जास्त दाब देत होते. पुढें एएमडीनें त्यावर १.३ व्होल्टांची मर्यादा घातली.

तथापि संगणक बंद पडणें हें या छंदांतलें लहान संकट होय. मोठें संकट आवाज करीत नाहीं. एखादी कोठी क्वचित् एकाचें शून्य किंवा शून्याचें एक करते, आणि संगणक मात्र सुखानें चालूं राहतो. जमाखर्चांतील १००० या आंकड्यांत एकच द्विअंकी स्थान चुकलें तर तेथें १७३८४ होऊन बसतात. आणि तो कागद पुन्हा सांठविला कीं चूक कायमची झाली. घरांतल्या छायाचित्रांचीही हीच गत. म्हणून वेग वाढविणाऱ्यानें प्रथम महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसरीकडे काढावी, मग मेमटेस्ट ८६ सारखी परीक्षा रात्रभर चालूं ठेवावी, आणि तीही थंड सकाळच्या भरंवशावर न सोडतां यंत्र चांगलें तापलेलें असतांना पुन्हा घ्यावी. दाब ०.०१ किंवा ०.०२ व्होल्टांनीं चढवावा व दर पायरीला चुका मोजाव्या. दोनतीन पायऱ्यांत चुका घटल्या तर दाबाचीच उणीव होती असें समजावें. घटल्या नाहींत, किंवा उलट वाढल्या, तर दाब पूर्ववत् करून घड्याळच एक पायरी खालीं आणावें.